एका नावाचा शोध : ॲनी मूर

राजेरजवाड्यांच्या वंशावळी आपण शाळेत पाठ केल्या. कोणाचा मुलगा कोण, कोण कधी गादीवर बसला, हे परीक्षेत हमखास विचारले जाई. परंतु ज्यांनी कधी गादी पाहिलीच नाही, अशा माणसांची वंशावळ कोण लिहिणार? श्राद्धाला तीन पिढ्यांची नावे लागतात. त्यापलीकडचे नाव विचारले तर बहुतेक घरांतले वडीलधारे गप्प होतात. फार तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत किंवा दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव फिरणाऱ्या हेळव्यांच्या बाडांत एखादे नाव सापडते. म्हणूनच गरिबाघरच्या एका मुलीचा माग शंभराहून अधिक वर्षांनी काढला गेला, ही हकीगत मला कोणत्याही राजघराण्याच्या वंशावळीइतकीच मोलाची वाटते. ती मुलगी आयरिश होती. तिचे नाव ॲनी मूर.

आयर्लंड म्हटले की आपल्याला होमरूल आठवते. १९१६ साली लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांनी हा शब्द आपल्याकडे रुजवला, पण तो मूळचा आयर्लंडचा. आपल्यासारखाच तोही इंग्रजी सत्तेखाली पिचलेला देश. तिथली गरीब कुळे जमिनीच्या लहानशा तुकड्यावर जगत. तेवढ्या जागेत कुटुंबाचे पोट भरेल असे पीक एकच, ते म्हणजे बटाटा. १८४५ साली या पिकावर रोग पडला आणि पुढची काही वर्षे तो हटला नाही. खंड थकला, जमीनदारांनी कुळांना घराबाहेर काढले, आणि त्याच काळात बंदरांतून धान्य परदेशी जातच होते. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. तितकीच, किंबहुना थोडी अधिकच, देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती, ती १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली.

दुष्काळ सरला, पण देश सोडण्याची रीत सरली नाही. घरातल्या एकाने पुढे जायचे, मजुरी करायची, पैसे साठवायचे आणि मागे राहिलेल्यांचे तिकीट काढायचे, असा हा परिपाठ. खेड्यांमधून अमेरिकेला निघालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी आदल्या रात्री शेजारीपाजारी जमत. गाणी होत, नाच होत आणि पहाटे रडारड होई. मृताशेजारी रात्रभर जागण्याची जी तिकडची प्रथा आहे, तिचेच नाव या रात्रीला पडले होते. गेलेले माणूस पुन्हा दृष्टीस पडायचे नाही, हे सर्वांना ठाऊक असे.

ॲनीचा जन्म या दुष्काळानंतर दोन तपांनी, १८७४ साली, कॉर्कमध्ये झाला. वडिलांचे नाव मॅथ्यू, आईचे ज्युलिया. १८८८ साली आईवडील न्यूयॉर्कला गेले. ॲनी आणि तिचे दोन धाकटे भाऊ, अँथनी व फिलिप, मात्र मागे राहिले. ॲनी तेव्हा अवघी चौदा वर्षांची असेल. तिकिटाचा पैसा जमेपर्यंत तीन-चार वर्षे ही ताटातूट चालली. आज त्या वर्षांची कोणतीही कहाणी आपल्यापुढे नाही. पण वडीलधारे दूर गेले की घरातली थोरली मुलगी एकाएकी मोठी होते, हे कळायला आयर्लंडला जाण्याची गरज नाही.

अखेर २० डिसेंबर १८९१ रोजी ही तीन भावंडे कॉर्कजवळच्या क्वीन्सटाउन बंदरात नेव्हाडा नावाच्या आगबोटीवर चढली. या बंदराचे जुने नाव कोव्ह. १८४९ साली व्हिक्टोरिया राणीने भेट दिली म्हणून त्याचे नाव बदलण्यात आले, आणि इंग्रजी अंमल ओसरताच लोकांनी आपले जुने नाव परत घेतले. लक्षावधी आयरिश लोकांनी मायदेशाचा शेवटचा किनारा पाहिला तो येथूनच. भावंडांची जागा बोटीच्या सर्वांत खालच्या, स्वस्त वर्गात होती. त्या वर्षीचा नाताळ त्यांनी समुद्रावरच काढला. अँथनी पंधरा वर्षांचा, फिलिप बारा वर्षांचा. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी बोट न्यूयॉर्कला पोचली, पण उशीर झाल्यामुळे उतारूंना ती रात्र बोटीवरच घालवावी लागली.

दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८९२ रोजी, न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणीसाठी बांधलेले नवे ठाणे उघडायचे होते. त्या ठाण्यात नाव नोंदवले गेलेली पहिली व्यक्ती म्हणजे ॲनी मूर. ठाण्याचे प्रमुख कर्नल जॉन वेबर यांनी तिच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. वृत्तपत्रांनी तिची बातमी छापली. त्या एका दिवसात सुमारे सातशे लोक त्या दारातून आत आले. १९५४ साली ते ठाणे बंद होईपर्यंत ही संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली. या सर्वांच्या यादीत पहिले नाव राजाचे नाही की सेनापतीचे नाही. एका मजुराच्या मुलीचे आहे.

परंतु गंमत पाहा. त्या पहिल्याच दिवशी तिची माहिती चुकीची नोंदली गेली. वर्तमानपत्रांनी तिला पंधरा वर्षांची म्हटले, आणि नेमका त्याच दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता अशी गोड कथा पुढे रूढ झाली. प्रत्यक्षात ती सतरा वर्षांची होती. हे वाचताना मला आमच्या घरातले दाखले आठवले. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून, दोन्ही काकांची १ जून आणि आत्याचीही १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिना पाहून जी तारीख लिहिली, तीच जन्मभर चिकटली. गरिबाचे वय तो स्वतः लिहीत नाही; ते दुसरा कोणीतरी लिहितो, आणि पुढच्या पिढ्यांनी तेच खरे मानायचे असते.

नाणे घेऊन ॲनी आपल्या आईवडिलांकडे गेली. ते मॅनहॅटनमधल्या मन्रो रस्त्यावर राहत होते. आणि येथे तिचे नाव जगाच्या दृष्टीआड झाले. एका दिवसाची कीर्ती संपली, वर्तमानपत्रे दुसऱ्या बातम्यांकडे वळली.

पुढे अनेक वर्षांनी, लोक आपल्या पूर्वजांचा अभिमानाने शोध घेऊ लागले, तेव्हा ॲनी मूरचे काय झाले, असा प्रश्न निघाला. त्याला एक उत्तरही मिळाले. ॲनी पश्चिमेकडे गेली, टेक्सासमध्ये तिने संसार केला आणि १९२३ साली फोर्ट वर्थजवळ रस्त्यावरच्या गाडीखाली सापडून तिचा मृत्यू झाला, अशी ही हकीगत. ती सर्वांना पटली, कारण सर्वांना अशीच ॲनी हवी होती. परदेशी मुलगी येते, विस्तीर्ण देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते, तिथे रुजते. नव्या देशाच्या स्वप्नाला हे चित्र शोभून दिसते. १९९३ साली ॲनीचे पुतळे उभे राहिले, एक कोव्हच्या धक्क्यावर भावांसह आणि दुसरा एलिस बेटावर. त्या वेळी टेक्सासची ही कथाच खरी मानली जात होती.

मेगन स्मोलेन्याक या वंशावळींच्या अभ्यासक महिलेला मात्र कागद वेगळेच सांगू लागले. २००२ च्या सुमारास एका माहितीपटाच्या निमित्ताने त्यांनी टेक्सासच्या ॲनी मूरची कागदपत्रे पाहिली. तिचा जन्म आयर्लंडमध्ये झालेलाच नव्हता. ती अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात जन्मलेली होती. नाव तेच, पण बाई निराळी! तिचा यात काही दोष नव्हता. लोकांनी एका नावावर दुसऱ्या नावाचा मुकुट चढवला होता.

मग खरी ॲनी कुठे? आयरिश माणसाचा माग काढणे मुळातच अवघड. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दफ्तरखाने जळाले आणि शतकांची कागदपत्रे राख झाली. एकोणिसाव्या शतकातल्या खानेसुमारीची पाने तर फारच थोडी उरली. पूर्ण अशी मिळते ती १९०१ आणि १९११ ची. अमेरिकेच्या कागदांत जन्मस्थान म्हणून बहुधा नुसते आयर्लंड लिहिलेले असते, गावाचे नावच नसते. एलिस बेटावरची पहिली लाकडी इमारतही जून १८९७ मध्ये जळाली आणि तिच्यासोबत जुनी दप्तरे गेली. तरीही चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, बोटींच्या उतारूंच्या याद्या असे तुकडे उरतात. ते एकमेकांशी जुळवून पाहणे म्हणजेच वंशावळीचा शोध. त्यात एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो : नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही. वय, आईबाप, भावंडे, पत्ता हे सारे जुळावे लागते.

२००६ साली स्मोलेन्याक यांनी खऱ्या ॲनीचा पुरावा देणाऱ्यास एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. न्यूयॉर्क शहराच्या दफ्तरखात्याचे प्रमुख ब्रायन अँडरसन यांचेही साहाय्य लाभले. आणि काही आठवड्यांतच वाट सापडली. ती सापडली कोणामुळे? बोटीवर बरोबर आलेल्या बारा वर्षांच्या फिलिपमुळे! फिलिपने मोठेपणी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. त्या कागदावरून त्याचे कुटुंब, त्या कुटुंबावरून त्याचे वंशज आणि वंशजांवरून बहीण, असा हा उलटा प्रवास झाला.

भावावरून बहीण सापडावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटले. मुलाचे आडनाव जन्मभर तेच राहते. मुलगी लग्नानंतर कागदावरून नाहीशी होते. ॲनी मूर दफ्तरात सापडत नव्हती, कारण ती ॲनी शायर झाली होती. आमच्याकडे तर बहुधा आडनावाबरोबर पहिले नावही बदलत. माझ्या आजीचे माहेरचे नाव मी आईला विचारले, तेव्हा तिने क्षणभर विचार केला आणि मग शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना विचारायला सांगितले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. लिहिता-वाचता येऊ लागल्यावर घरातले कोणते पहिले काम करावे, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. आजीचे ते नाव आता माझ्या वहीत आहे.

खरी ॲनी टेक्सासला कधी गेलीच नाही. न्यूयॉर्कच्या पूर्व भागातल्या दाट, गरीब वस्तीतच तिचे आयुष्य गेले. जर्मन कॅथलिक आईबापांचा मुलगा जोसेफ ऑगस्टस शायर याच्याशी तिचे लग्न झाले. तो मासळीबाजारात विक्रेता होता. तिला निदान अकरा मुले झाली, त्यांतली पाचच मोठी झाली. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण प्रत्येक वेळी पाळणा बांधणे आणि निम्म्याहून अधिक वेळा तो सोडणे, हे त्या एका बाईने सोसले. ज्या देशाच्या दारात तिला सोन्याचे नाणे मिळाले, त्याच देशाच्या कोंदट चाळींत तिची लेकरे गेली. डिसेंबर १९२४ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने तिचे निधन झाले. क्वीन्स भागातल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिला पुरण्यात आले. तिच्या काही मुलांनाही तेथेच विसावा मिळाला होता. त्या जागेवर दगड नव्हता, नावही नव्हते. समुद्रापलीकडे आणि अलीकडे तिचे पुतळे उभे राहिले तेव्हाही तिची कबर निनावीच होती.

११ ऑक्टोबर २००८ रोजी त्या जागी आयर्लंडच्या निळसर चुनखडीच्या दगडाचा क्रूस उभारण्यात आला. मृत्यूनंतर जवळजवळ चौऱ्याऐंशी वर्षांनी ॲनीला स्वतःचे नाव मिळाले.

कोणी म्हणेल, टेक्सासची कथा अधिक रोमांचक होती, ती राहू दिली असती तर काय बिघडले असते? माझ्या मते पुष्कळ बिघडले असते. त्या कथेत तिची गेलेली मुले नव्हती, मासळीबाजार नव्हता, ती वस्ती नव्हती. एलिस बेटावरून आत गेलेल्या असंख्य माणसांचे आयुष्य टेक्सासच्या ॲनीसारखे नव्हते. ते मन्रो रस्त्यावरच्या ॲनीसारखे होते. पहिल्या पिढीने खस्ता खाल्ल्या, आणि तिच्या खांद्यावर उभी राहून तिसरी-चौथी पिढी आपल्या आजीचा शोध घेण्याइतकी मोकळी झाली. गोड कथेसाठी ते कष्ट पुसून टाकणे म्हणजे त्या आजीला दुसऱ्यांदा निनावी करणे होय.

ॲनी मूरने कोणतीही लढाई जिंकली नाही, ग्रंथ लिहिला नाही, भाषण केले नाही. दोन धाकट्या भावांना सांभाळून तिने समुद्र ओलांडला, आणि पुढे एक संसार चालवला. एवढ्यावरून थोरांच्या चरित्रमालेत तिला जागा मिळणार नाही. पण चरित्र खरे असावे, एवढा हक्क तर तिलाही आहेच.