डॉ. आनंदीबाई जोशी : दहा दिवसांच्या बाळाची आई

आनंदीबाई जोशी म्हटले की पहिल्या मराठी महिला डॉक्टर, एवढे आपल्या सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या शिक्षणामागे एक बाळ होते, हे मात्र आपण विसरतो.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. गोपाळराव विधुर, वयाने बरेच मोठे आणि पोस्टात कारकून. बदलीची नोकरी म्हणजे काय, हे आम्हा बँकवाल्यांना सांगायला नको. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा त्यांचा संसार फिरला. बायकोने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता आणि त्यापायी ते कठोरही होत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. योग्य उपचार न मिळाल्याने तो दहा दिवसांत गेला. बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनाने तेव्हा घेतले. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीच्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना लेकीसारखे सांभाळले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूकही झाली होती. पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षेही पूर्ण नव्हती. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.

त्यांचा वंश पुढे चालला नाही. हे लिहिताना आम्हाला आपली घरे आठवतात. आपले पूर्वज दक्षिणेतून माळव्यात आले. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेर राहिले शेकडो मैल दूर. आज पलासियात दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या नाती-सुनांची बाळंतपणे निर्धास्त होतात. पणजीच्या वेळी तसे नव्हते. आमच्या वंशावळीत पणजोबांची चार मुले आहेत. आजी मात्र सात सांगायची. उरलेल्या तिघांची नावेसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत.

सभासदांना एकच विनंती. घरातल्या ज्येष्ठ बायकांना विचारा, आणि न जगलेली बाळेही वंशावळीत लिहा. त्यांच्या आयांनी ती मोजली होती.