बोटाच्या जखमेने एक मोठा सर्जन गेला, त्याच्या जागी आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस उभे राहिले

ओझर म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे विमानांचा कारखाना आणि दुसरी म्हणजे आजूबाजूच्या द्राक्षबागा.

आता बागेत काम करताना मांडवाची तार बोटाला लागणं ही काही बातमी नाही. हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि पुढच्या वेलीला हात घालायचा. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काहीच होत नाही. पण एखाद्या वेळी बोट सुजतं, लाली हातावर चढते, थंडी वाजून ताप येतो आणि दोनच दिवसांत धडधाकट माणूस नाशिकच्या आयसीयूत पोहोचतो. डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, सेप्सिस झालंय.

बोटाला कापलेलं आणि जिवावर बेतलेलं, हे अनेकांना पटत नाही.

पण अशाच एका बोटाच्या जखमेने १९३९ साली चीनमध्ये एक जगप्रसिद्ध सर्जन गेला होता. पुढे त्याच्या नावाच्या हॉस्पिटलची जबाबदारी ज्या माणसाने खांद्यावर घेतली तो मराठी होता. त्यांचं नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते. सगळं सरळ चाललं असतं तर सोलापुरात एक चांगला दवाखाना निघाला असता.

पण १९३७ साली जपानने चीनवर हल्ला केला. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस.

घरी विचारलं तेव्हा वडिलांनी पाठिंबा दिला. आईला मात्र लेक परक्या मुलखातल्या लढाईत जातोय याचं दुःख होतं. १ सप्टेंबर १९३८ ला पथक मुंबईहून बोटीने निघालं. कोटणीसांचं वय होतं २७.

ते चीनमध्ये असतानाच सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. परत जायची मुभा होती, पण ते थांबले. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचलं. हा चिनी कम्युनिस्टांचा तळ. इथे त्यांचं स्वागत खुद्द माओ आणि झू दे यांनी केलं.

त्याच सुमाराला उत्तर चीनच्या डोंगरात एक कॅनडियन सर्जन काम करत होता. डॉ. नॉर्मन बेथ्यून. याने आधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींपर्यंत रक्त पोहोचवणारी फिरती गाडी चालवली होती. जखमी दवाखान्यात येण्याची वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरनेच लढाईच्या जवळ जायचं, ही त्याची पद्धत.

१९३९ च्या ऑक्टोबर अखेरीस घाईघाईत ऑपरेशन करताना बेथ्यूनच्या बोटाला कापलं. त्याने काम थांबवलं नाही. पुढे काही दिवसांतच डोक्याला तीव्र जंतुसंसर्ग झालेल्या एका जखमीवर त्याने हातमोजे नसताना शस्त्रक्रिया केली. जंतू बोटाच्या जखमेतून शरीरात शिरले. १२ नोव्हेंबर १९३९ ला बेथ्यून गेला.

आता नेमकं काय झालं ते समजून घेऊ.

जंतू शरीरात शिरले की शरीर त्यांच्याशी लढतं. ताप, सूज, लाली ही त्या लढाईचीच चिन्हं. सेप्सिसमध्ये ही लढाई हाताबाहेर जाते आणि शरीर स्वतःच्याच अवयवांचं नुकसान करायला लागतं.

सेप्टिक शॉक ही त्याची पुढची पायरी. बागेतल्या ड्रिपचं उदाहरण घ्या. मोटर चालू आहे, पण सगळ्या नळ्या फुगल्यात आणि जागोजागी गळतायत. मग दाब पडतो आणि शेवटच्या वेलीला पाणीच पोहोचत नाही. शॉकमध्ये रक्तवाहिन्यांचं हेच होतं. त्या सैल पडतात आणि पाझरतात. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंड, मेंदू, यकृत यांना रक्त पुरत नाही.

बेथ्यूनच्या वेळी यावर काय होतं? फारसं काही नव्हतं. सल्फा गटातली औषधं निघाली होती, पण वेढा पडलेल्या त्या डोंगरात ती पोहोचणं मुश्कील. जंतू मारणारं पेनिसिलीन अजून औषध म्हणून वापरात आलं नव्हतं. आयसीयू हा प्रकारच जन्माला आला नव्हता.

कोटणीस आणि बेथ्यून यांची भेट कधीच झाली नाही. कोटणीस त्या भागात पोहोचले १९४० मध्ये, तोवर बेथ्यूनची समाधी बांधून झाली होती.

पाच डॉक्टरांपैकी काही जण एव्हाना भारतात परतले होते. कोटणीस मात्र आघाडीवर गेले. १९४० च्या लढाईत जखमींची रीघ लागली. त्या धामधुमीत कोटणीसांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या असं सांगितलं जातं. त्या लढाईत त्यांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले.

यात नुसतं शौर्य नव्हतं, वैद्यकशास्त्रही होतं.

गोळी लागलेल्या माणसाच्या जखमेत माती, कापडाच्या चिंध्या आणि मेलेलं मांस असतं. जंतूंना यापेक्षा चांगलं घर नाही. ते वेळेत कापून काढलं, पू वाहून जायला वाट करून दिली तर माणूस वाचतो. उद्यावर टाकलं तर विष रक्तात जातं. हातात औषध नसलेल्या सर्जनकडे दोनच हत्यारं उरतात, सुरी आणि वेळ. म्हणून कोटणीस झोपत नव्हते.

१९४१ च्या जानेवारीत त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचं संचालक नेमण्यात आलं. वय वर्षं ३०. रुग्णालय म्हणजे खेड्यातली घरं. हे हेबै प्रांतातल्या तांग परगण्यात होतं, ज्या परगण्यात बेथ्यूनने प्राण सोडला त्याच. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवायला लागले आणि शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तकही लिहायला घेतलं. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणायचे.

गंमत बघा, त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाला पेनिसिलीन टोचलं गेलं. त्याच्याही रक्तात जंतू पसरले होते. औषधाने तो सुधारायला लागला, पण औषधच संपलं. मार्चमध्ये तो वारला. औषध सापडलं होतं, पुरेसं नव्हतं. भारतात पेनिसिलीन बनायला पुढे पिंपरीचा सरकारी कारखाना यावा लागला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ सालची.

आयसीयूची सुरुवात धरतात १९५३ ची, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनची.

मग आज सेप्टिक शॉकचा पेशंट आयसीयूत आला तर काय करतात?

पहिल्यांदा तपासणीसाठी रक्त घेतात. त्यातून कुठला जंतू आहे ते पुढे कळतं. लॅक्टेट नावाची तपासणी होते, पेशींना ऑक्सिजन पुरतोय का याचा अंदाज त्यावरून येतो. पण रिपोर्टसाठी थांबत नाहीत. शॉक असेल तर तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू करायचं असा नियम आहे.

दुसरं, सलाइन. साधारण वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पहिल्या तीन तासांत पावणेदोन-दोन लिटर. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त जपून.

तिसरं, तेवढ्यानेही दाब उचलला नाही तर नॉरअॅड्रिनॅलिन. हे औषध सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं. सरासरी रक्तदाब निदान ६५ वर ठेवायचा प्रयत्न असतो. तरीही दाब सावरला नाही तर व्हॅसोप्रेसिन आणि स्टेरॉइडची जोड देतात. श्वास पुरत नसेल तर व्हेंटिलेटर, मूत्रपिंड थांबलं तर डायलिसिस.

आणि चौथं, मूळ शोधायचं. पू असेल तर काढायचा, सडलेला भाग कापायचा, आतडं फुटलं असेल तर ऑपरेशन. हे केलं नाही तर वरची महागडी औषधंही हरतात. म्हणजे कोटणीस ज्या कामासाठी रात्री जागवत होते ते काम आजही यादीतून गेलेलं नाही.

डोंगरातल्या त्या रुग्णालयातच कोटणीसांचा संसारही उभा राहिला. बेथ्यूनच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख गुओ चिंगलान या परिचारिकेशी झाली होती. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

पण शरीर आतून थकलं होतं. अपुरं अन्न, थंडी, अखंड काम, आणि त्यात अपस्माराचे झटके यायला लागले. ९ डिसेंबर १९४२ ला असाच झटका आला आणि कोटणीस गेले. वय फक्त ३२. बाळ साडेतीन महिन्यांचं होतं.

१९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा सिनेमा काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. मुलगा यिनहुआ १९६७ मध्ये, ऐन तरुणपणीच गेला. गुओ चिंगलान यांचं निधन झालं २०१२ साली. चीनमध्ये शीच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे, आणि सोलापुरात त्यांचं स्मारक.

सेप्सिस मात्र अजून हरलेलं नाही. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी जोडलेले होते, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. जखम, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग किंवा बाळंतपणानंतरचा ताप, काहीही असो. माणूस असंबद्ध बोलायला लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले किंवा थंडी वाजून अंग थरथरायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. ताप नाही म्हणूनही निर्धास्त राहू नका, म्हाताऱ्या माणसांत ताप नसतानाही सेप्सिस होतं. सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना विचारायचं, हे सेप्सिस तर नाही ना?

कोटणीसांकडे औषध नव्हतं म्हणून त्यांनी वेळ सांभाळली. आपल्याकडे औषध आहे, पण वेळ दवडली तर तेही हात टेकतं.