अपघातांची नोंद शिकवणारे विल्यम फार

पोहण्याच्या तलावात बुडून झालेला मृत्यू आणि नदीत बुडून झालेला मृत्यू, दोन्हींचे वैद्यकीय कारण एकच. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-१०’ या वर्गीकरणात पहिल्याला डब्ल्यू ६७, तर दुसऱ्याला डब्ल्यू ६९ हा संकेतांक आहे. मृत्यूच्या कारणांची अशी पद्धतशीर विभागणी रुजवणाऱ्यांत विल्यम फार यांचे नाव अग्रभागी आहे.

फार यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, केनली या खेड्यातील गरीब कुटुंबात झाला. एका स्थानिक जमीनदाराने त्यांचा सांभाळ केला आणि मृत्यूपश्चात त्यांच्यासाठी पैसेही ठेवले. त्या पैशांवर फार पॅरिसला वैद्यक शिकले. पुढे लंडनमध्ये त्यांनी व्यवसाय सुरू केला. पण मन रमले ते आकडेवारीत.

१८३७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली. या कार्यालयात फार यांनी सुमारे चाळीस वर्षे काम केले. १८३९ च्या पहिल्याच अहवालात त्यांनी मूळ अडचण मांडली : एकाच आजाराला तीन-चार नावे आणि एकच नाव अनेक आजारांना. अशा नोंदींची बेरीज करून हाती काय लागणार?

१८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचे काम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्याकडे सोपवले. फार यांच्या यादीत पाच गट होते : साथीचे आजार, सर्वांगीण आजार, अवयवांचे आजार, वाढीशी निगडित आजार आणि पाचवा, बाह्य आघाताने आलेले मृत्यू. अपघात म्हणजे नशिबाचा भाग, असे मानले जाई. फार यांनी त्याला पटकीच्या शेजारी बसवले. जे मोजता येते, ते टाळण्याचा विचारही करता येतो.

पण नुसते मोजून भागत नाही, हे लंडनमध्येच दिसले. १५ जानेवारी १८६७ रोजी रीजंट्स पार्कमधील गोठलेल्या तळ्यावर लोक स्केटिंग करत असताना बर्फ फुटला आणि ४० जण दगावले. नोंदीत ‘बुडून मृत्यू’ एवढेच लिहिले, तर त्यातून बर्फ, स्केटिंग आणि बागेतले खोल तळे हे काहीच कळत नाही. उपाय मात्र त्या तपशिलातच होता : नंतर तळ्याची खोली १२ फुटांवरून सुमारे ४ फुटांवर आणली गेली.

१८८० मध्ये कार्यालयप्रमुखाचे पद डावलले गेल्यावर फार निवृत्त झाले. १४ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची अवयवनिहाय मांडणी १८९३ मध्ये जाक बर्तियों यांच्या यादीत आली आणि १९४८ पासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. ‘आयसीडी-१०’ मध्ये घसरगुंडी-झोपाळ्यावरून पडण्याला डब्ल्यू ०९ हा संकेतांक आहे. अपघाताच्या जागेसाठीही स्वतंत्र अंक आहे. क्रीडांगण, जिम, सार्वजनिक जलतरण तलाव यांसाठी तो ३.

हा अंक भरायचा, तर डॉक्टरांना माहिती मिळायला हवी. मूल पडल्यावर दवाखान्यात ‘खेळताना पडला’ एवढेच सांगू नका. कुठे, कशावरून, काय करताना, हेही सांगा. एकाच झोपाळ्यावरून दहा मुले पडली, तर दोष मुलांचा नसून झोपाळ्याचा आहे, हे त्यातूनच उघड होईल.