लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि चाकाचे बेअरिंग

भिलाईत राहणाऱ्याला लोखंडाचे अप्रूप नसते. इथे ते रात्रंदिवस वितळत असते. म्हणूनच छात्रांना, लोखंडासाठी वणवण केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी सांगावेसे वाटते.

जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग नीट ओळखता येईनात. मग यांत्रिक चित्रणाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडली. भाऊ रामुअण्णांसह बेळगावात १८८८ मध्ये काढलेले सायकलचे दुकान होतेच.

माझ्या मते त्यांची खरी कार्यशाळा हे दुकानच. सायकलच्या हबमध्ये छर्रे आणि कोन असतो. कोन जास्त आवळला तर चाक खरखरते, सैल ठेवला तर डगमगते. योग्य जागा बोटांनाच कळते. सुट्टीत मुलगा आला की आम्ही अंगणात जुन्या जीपचे पुढचे चाक उतरवतो (नुसत्या जॅकवर विसंबू नये, घोडी लावावी). आत छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर, पण न्याय तोच. बेअरिंग रॉकेलने धुऊन कोरडे करायचे, रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर बदलायचे. तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरच्या फटींत दाबून भरायचे, सील नवे घालायचे. चाक फिरवत नट आवळायचा, मग किंचित सोडायचा. शेवटी लॉकनट लावून वॉशरची जीभ दुमडायची. ही जीभ विसरलेला गाडीवान फार दूर जात नाही!

लक्ष्मणराव मात्र सायकलीवर थांबले नाहीत. कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर बराच काळ पडून राहिले. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिले, दहा हजार रुपये कर्जही. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्यांचे नांगर झाले. तोफखान्यात जाऊ पाहणाऱ्या छात्रांना हे कसे वाटेल, कोण जाणे.

लक्ष्मणराव सप्टेंबर १९५६ मध्ये गेले. तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता. पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली.