स्वदेशी संगणकाचे शिल्पकार रंगस्वामी नरसिंहन

बेंगळुरू, ३ सप्टेंबर : भारतात संगणक उभारणीचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये अग्रणी असलेले डॉ. रंगस्वामी नरसिंहन यांचा आज स्मृतिदिन. सॉफ्टवेअर उद्योगासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या याच शहरात २००७ साली त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

नरसिंहन यांचा जन्म १७ एप्रिल १९२६ रोजी चेन्नईत झाला. गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार शाखेची पदवी घेतल्यानंतर ते अमेरिकेस गेले. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आणि इंडियाना विद्यापीठातून गणिताची डॉक्टरेट मिळवून १९५४ मध्ये ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये ही संस्था बेंगळुरूतच सुरू केली होती. त्याच वर्षी ती मुंबईस हलविण्यात आली.

संगणक आयात करावा की स्वतः बांधावा, हा त्या काळी खरा प्रश्न होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये ब्रिटनहून यंत्र आणले. टाटा संस्थेने दुसरा मार्ग पत्करला. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका छोट्या गटाने १९५६ च्या अखेरीस प्रायोगिक यंत्र चालू करून दाखविले. पूर्ण आकाराचा संगणक फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात २,७०० निर्वात नळ्या आणि १२,५०० रोधक होते. फेराइटच्या इवल्या कड्यांत माहिती साठविण्याची तेव्हाची नवी पद्धत त्यात वापरली होती. १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी या यंत्राचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले.

टिफ्रॅकसाठीच्या आज्ञावल्या शून्य आणि एक यांच्या रूपातच लिहाव्या लागत. एका आकड्याची चूक झाली तरी सारे गणित फसे. शिवाय यंत्र तयार होईपर्यंत जग निर्वात नळ्यांकडून ट्रान्झिस्टरकडे वळले होते. १९६४ मध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा कितीतरी अधिक वेगवान संगणक संस्थेत आला, त्याबरोबर फोरट्रान भाषा रुळली आणि टिफ्रॅक लवकरच निवृत्त झाला. एवढे श्रम वाया गेले काय, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. उत्तर माणसांनी दिले. यंत्र आतून जाणणारी पहिली पिढी या प्रकल्पातून घडली आणि आयात संगणकाचा पुरेपूर उपयोग करण्याची क्षमता देशात निर्माण झाली.

दरम्यान, १९६१ ते १९६४ या काळात इलिनॉय विद्यापीठात नरसिंहन यांनी एक वेगळाच विचार मांडला. वाक्याला जसे व्याकरण असते, तसे चित्रालाही असते. रेषा आणि त्यांची जोडणी यांचे नियम सांगता आले, तर यंत्र चित्र ओळखू शकेल, हे त्याचे सूत्र होते. कणभौतिकीतील छायाचित्रांच्या विश्लेषणासाठी त्यांनी ते वापरले. पुढे मूल भाषा कसे शिकते, याचाही त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला.

१९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय संगणक सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते. सॉफ्टवेअर विकासासाठी टाटा संस्थेत उभारलेल्या राष्ट्रीय केंद्राचेही त्यांनी नेतृत्व केले. सीएमसी या सरकारी कंपनीचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल याच कंपनीने सांभाळली; रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरणही पुढे तिनेच केले. १९७७ मध्ये सरकारने नरसिंहन यांना पद्मश्री देऊन गौरविले.

टाटा संस्थेतून १९९० मध्ये निवृत्त झाल्यावर ते बेंगळुरूत स्थायिक झाले. भाषा, वर्तन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरील त्यांचे लेखन येथेही सुरू राहिले. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील त्यांचा ग्रंथ २००४ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी प्रसिद्ध झाला. यंत्राला भाषा कितपत उमगते, हा प्रश्न आज या शहरातील असंख्य अभियंत्यांच्या रोजच्या कामाचा झाला आहे. नरसिंहन यांनी तो अनेक दशके आधी हाती घेतला होता.