मॅरेथॉनवीराचे ‘दुबळे’ हृदय

१९ एप्रिल १९११. बोस्टन मॅरेथॉन सुरू होण्यापूर्वी धावपटूंची वैद्यकीय तपासणी चालली होती. त्यात क्लॅरेन्स डेमार नावाचा २२ वर्षांचा तरुण होता. त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, तेव्हा ठोक्यांबरोबर एक जादा फुरफुर ऐकू आली. वैद्यकाच्या भाषेत तिला ‘मर्मर’ म्हणतात. डॉक्टरांनी सल्ला दिला की, दमल्यासारखे वाटले तर शर्यत अर्ध्यावर सोडावी आणि यापुढे धावणे बंद करावे. डेमार धावला, थांबला नाही आणि २ तास २१ मिनिटे ३९ सेकंदांत सर्वांच्या आधी पोहोचला. त्या मार्गावरचा तो नवा विक्रम होता.

मात्र शर्यत जिंकली म्हणून मनातला संशय गेला नाही. ते हृदय खरोखर आजारी होते का, या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढे अर्धे शतक जावे लागले.

क्लॅरेन्सचा जन्म ७ जून १८८८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, मदिरा या गावी झाला. तो लहान असतानाच वडील वारले. पदरी मुले आणि हातात पैसा नाही, अशा अवस्थेत आई मॅसॅच्युसेट्समध्ये आली. तिला सर्वांना सांभाळणे जमेना, तेव्हा क्लॅरेन्सला बोस्टनच्या खाडीतील थॉम्पसन बेटावरच्या शाळेत ठेवले. गरीब मुलांना तिथे शेतीकाम आणि हातचे कसब शिकवले जाई. छपाईचे काम त्याला पुढे जन्मभर पुरले.

व्हरमाँट विद्यापीठात कामे करून शिकत असताना, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो क्रॉस-कंट्री धावू लागला. त्याची चाल डौलदार नव्हती, पण दम मोठा होता. पुढे घरची जबाबदारी अंगावर आली, तेव्हा शिक्षण अर्धवट सोडून तो छापखान्यात लागला. घरापासून छापखान्यापर्यंत आणि परत धावत जाणे हाच त्याचा सराव. १९१० मध्ये त्याने पहिल्यांदा बोस्टनची मॅरेथॉन धावली आणि दुसरा क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी ती तपासणी आणि तो विजय.

डॉक्टरांचा सल्ला त्या काळाला धरूनच होता. हृदयाच्या झडपा नीट मिटत नसतील किंवा पुरेशा उघडत नसतील, तर रक्ताचा प्रवाह खळाळतो आणि मर्मर ऐकू येते. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण तेव्हा पुष्कळ असत. ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी इकोकार्डिओग्राफी अजून काही दशके दूर होती. आत काय चालले आहे याचा अंदाज कानानेच बांधावा लागे. पण निरोगी झडपांमधून एका ठोक्याला खूप रक्त वेगाने गेले, तरीही तसाच आवाज येऊ शकतो. नियमित कसरत करणाऱ्याचे हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकते, त्यामुळे खेळाडूंमध्ये ही निरुपद्रवी मर्मर बऱ्याचदा आढळते. या दोन आवाजांतला फरक नुसत्या कानाने ओळखणे तेव्हा कठीण होते.

शिवाय ‘खेळाडूचे हृदय’ या कल्पनेची भीती होती. स्वीडनचे डॉक्टर हेन्शन यांनी १८९९ मध्ये बर्फावरून लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्यांची हृदये मोठी झालेली असतात, असे नोंदवले होते. हेन्शन यांना त्यात सामर्थ्य दिसले, पण अनेक डॉक्टरांना रोगाची सुरुवात दिसली. त्यातच १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये भर उन्हात झालेल्या मॅरेथॉनमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. घाम येऊ नये म्हणून त्याने अंगाला चरबीचा लेप लावला होता. त्या शर्यतीत डेमारही होते. त्यांचा बारावा क्रमांक आला.

स्टॉकहोमहून परतल्यावर डेमार मोठ्या शर्यतींपासून जवळजवळ दूरच झाले. त्याला कारणे अनेक होती. छापखान्याची नोकरी होती, रात्रीचा अभ्यास होता, आणि जिंकण्याची ही ईर्ष्या आपल्या श्रद्धेला शोभते का, असा प्रश्नही होता. पण डॉक्टरांचे ते शब्दही विसरले गेले नव्हते. लांब पल्ल्याच्या धावपटूची ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. १९१७ मध्ये ते बोस्टनला पुन्हा उतरले आणि तिसरे आले. मग पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले.

१९२२ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ते पुन्हा बोस्टनच्या रस्त्यावर आले. या वयात धावपटू संपला, असेच तेव्हा मानले जाई. पहिल्या विजयानंतर अकरा वर्षांनी डेमार यांनी ती शर्यत २ तास १८ मिनिटे १० सेकंदांत जिंकली. तो मार्ग आजच्या पूर्ण मॅरेथॉनपेक्षा काही किलोमीटरने कमी होता, तरी विक्रम तो विक्रमच. मग १९२३ आणि १९२४ मध्येही तेच पहिले. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३६ व्या वर्षी त्यांनी कांस्यपदक मिळवले. १९२७, १९२८ आणि १९३० मध्ये बोस्टन पुन्हा त्यांचेच झाले. एकूण सात विजय, आणि शेवटचा ४१ व्या वर्षी. बोस्टनच्या लोकांनी त्यांना ‘मिस्टर डेमॅरेथॉन’ असे नाव दिले.

या साऱ्या काळात ते हौशी धावपटूच राहिले. पोट भरत होते छपाईवर. पुढे न्यू हॅम्पशायरमधील कीन या गावी, शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयात ते छपाई शिकवत. स्वभाव मात्र तिखट होता. शर्यतीत मध्ये येणाऱ्या, उगाच अंगावर पाणी फेकणाऱ्या प्रेक्षकांवर ते भडकत आणि प्रसंगी हातही उगारत.

याच काळात शास्त्रज्ञांनाही त्यांच्याविषयी कुतूहल वाटू लागले. १९२७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे डेव्हिड ब्रूस डिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेमार यांना ट्रेडमिलवर पळवले. त्याच वेगाने प्रयोगशाळेतील इतर माणसांनाही पळवले आणि सर्वांचे रक्त तपासले. इतरांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल वाढत गेले. डेमार यांच्या रक्तात ते विश्रांतीच्या वेळेइतकेच, जेमतेम थोडे अधिक होते. स्नायूंची प्राणवायूची गरज जोवर वेळच्या वेळी भागते, तोवर हे आम्ल साचत नाही. म्हणजे इतरांची दमछाक करणारा वेग डेमार यांच्या शरीराला सहज पेलत होता. ज्या हृदयाविषयी शंका घेतली गेली, तेच स्नायूंना भरपूर रक्त पोचवत होते.

पन्नाशी उलटली, साठी उलटली, तरी डेमार धावत राहिले. १९५४ मध्ये, ६५ व्या वर्षी, त्यांनी शेवटची बोस्टन मॅरेथॉन चार तासांच्या आत पूर्ण केली. त्यानंतरही छोट्या शर्यती चालू होत्या. अखेर आतड्याच्या कर्करोगाने त्यांना गाठले. सत्तरी पूर्ण झाल्यानंतर चारच दिवसांनी, ११ जून १९५८ रोजी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांच्या हृदयाची तपासणी झाली. जेम्स करन्स आणि पॉल डडली व्हाइट या बोस्टनच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तिचे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. व्हाइट हे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर हृदयविकाराच्या झटक्यानंतर उपचार करणारे डॉक्टर. डेमार यांच्या झडपा निरोगी निघाल्या. १९११ मधल्या त्या आवाजामागे झडपेचा रोग नव्हता. डाव्या कप्प्याची भिंत जाड होती, पण ती कमावलेल्या स्नायूची जाडी होती. सर्वांत लक्षवेधी ठरल्या त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी रोहिण्या. त्यांचा व्यास नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट होता.

याचा अर्थ समजायला नळाचे उदाहरण पुरते. बाकी सारे तेच ठेवून नळाचा व्यास दुप्पट केला, तर त्यातून दुप्पट नव्हे, सोळापट पाणी वाहू शकते. जिवंत रक्तवाहिनीचा हिशेब इतका सोपा नसतो, पण दिशा तीच. डेमार यांच्या रोहिण्यांतही वयोमानाप्रमाणे चरबीचे थर थोडेफार साचले होते. मात्र वाट मुळातच इतकी रुंद होती, की त्या थरांनी रक्ताला अडथळा झाला नाही.

या निष्कर्षांतून काहींनी फार पुढची उडी मारली. मॅरेथॉन धावणाऱ्याला हृदयविकार होतच नाही, असे १९७० च्या दशकात ठामपणे सांगितले जाऊ लागले. लवकरच मॅरेथॉनपटूंच्याच शवविच्छेदनांत कोरोनरी रोहिण्यांचा आजार आढळला आणि तो दावा कोसळला. १९८४ मध्ये अमेरिकेत धावण्याचे वेड पसरवणारे लेखक जिम फिक्स ५२ व्या वर्षी धावतानाच हृदयविकाराने गेले. त्यांच्या घराण्यात हा आजार होता आणि पूर्वी ते वर्षानुवर्षे धूम्रपान करत. डेमार यांच्या रुंद रोहिण्या धावण्याने झाल्या की त्यांना जन्मतःच लाभल्या होत्या, हेही एका माणसावरून ठरवता येत नाही. त्यासाठी हजारो माणसे पाहावी लागतात. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी तसे केले. दिवसभर बसून असणाऱ्या बसचालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे त्यांनी १९५३ मध्ये दाखवले. तिथे मॅरेथॉनही लागली नव्हती.

आज एखाद्या तरुण खेळाडूच्या छातीत मर्मर ऐकू आली, तर ती दुर्लक्षित करू नये. हृदयाचा स्नायू जन्मतः विकृत असण्याचे किंवा झडपेच्या आजाराचे तेही लक्षण असू शकते, आणि त्यात जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. छातीत दुखणे, धावताना घेरी येणे, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, या गोष्टी डॉक्टरांना सांगायलाच हव्यात. फरक इतकाच, की आता ईसीजी आणि इकोकार्डिओग्राफीने बहुतेक वेळा निर्णय लवकर लागतो. पुष्कळांना ‘खेळत राहा’ असेच उत्तर मिळते. डेमार यांच्या वेळी ही सोय नव्हती. त्यांना पळूनच पाहावे लागले, आणि मधली काही वर्षे गमवावी लागली.

कीनमध्ये १९७८ पासून दरवर्षी त्यांच्या नावाने मॅरेथॉन होते. त्यात हौशी धावपटूच अधिक असतात. नोकरी सांभाळून, सकाळी लवकर उठून सराव करणारे.