जॉर्ज ईस्टमन आणि त्याच्या कोडॅकची गोष्ट



तुमच्या लग्नातला किंवा मुंजीतला जुना अल्बम घरात असेलच. ३६ फोटोंचा रोल तेव्हा आपण किती जपून वापरायचो, आठवतंय ना? रोल धुवायला टाकायचा आणि फोटो येईपर्यंत वाट बघायची. ज्या माणसामुळे हा रोल घरोघरी पोहोचला, त्या जॉर्ज ईस्टमनची आज ओळख करून घेऊ. त्याची कंपनी पुढे का घसरली, हेही पाहू.

जॉर्जचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात झाला. तो ७ वर्षांचा असताना वडील वारले. आईने घरात भाडेकरू ठेवून संसार चालवला. एका बहिणीला पोलिओ होता. चौदाव्या वर्षी जॉर्जने शाळा सोडली आणि विमा कंपनीत आठवड्याला ३ डॉलरवर नोकरी धरली. पुढे तो रोचेस्टर शहरातल्या बँकेत कारकून झाला.

सुट्टीत प्रवासाला जायचं म्हणून त्याने कॅमेरा घेतला. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे अक्षरशः ओझं होतं! तिपाई, काचेच्या जड प्लेट्स, रसायनांच्या बाटल्या आणि तंबूसुद्धा. प्लेट ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवावा लागे. प्रवास राहूनच गेला, पण हे सगळं सोपं का होऊ नये, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग, असा क्रम सुरू झाला. त्यातून कोरड्या प्लेट्स तयार करण्याचं यंत्र निघालं आणि १८८१ मध्ये हेन्री स्ट्राँग यांच्या भागीदारीत कंपनी उभी राहिली.

इथे एक प्रसंग मुलांना जरूर सांगा. दुकानदारांकडे गेलेल्या प्लेट्स खराब निघाल्या. कंपनी नवी होती, हातात पैसा बेताचाच. तरीही ईस्टमनने त्या प्लेट्स बदलून दिल्या. नुकसान सोसलं, पण नाव राखलं.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. कोरड्या प्लेट्सवर त्याचा धंदा उभा होता, तरी तो तिथे थांबला नाही. काचेऐवजी गुंडाळता येणारी फिल्म आणायच्या मागे तो लागला. १८८८ मध्ये पहिला कोडॅक कॅमेरा आला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. फोटो संपले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. तिथे फोटो धुऊन, नवा रोल भरून तो परत मिळायचा. कोडॅक या नावाला कोणत्याही भाषेत अर्थ नव्हता. क हे अक्षर त्याला आवडायचं, एवढंच. १९०० मध्ये तर अवघ्या १ डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि लहान मुलंही फोटो काढू लागली. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी मागवलेली कच्ची फिल्मही कोडॅकचीच होती.

ईस्टमनने कामगारांना नफ्यात वाटा दिला आणि संपत्तीचा मोठा भाग शिक्षणसंस्था व मुलांच्या दंतचिकित्सालयांना देऊन टाकला. एमआयटीला तर त्याने टोपणनावाने देणगी दिली होती. शेवटी मणक्याच्या आजाराने तो खंगला आणि १४ मार्च १९३२ रोजी त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. लहान वर्गात हा भाग सांगताना थोडं जपूनच सांगावं.

आता कंपनीचं पुढे काय झालं ते पाहा. १९७५ मध्ये कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद! वरिष्ठांनी पाहिला, पण उत्साह दाखवला नाही. कारणही सरळ होतं. कंपनीची खरी कमाई कॅमेऱ्यावर नव्हती. फिल्म, कागद आणि रसायनांवर होती. फिल्मच लागणार नसेल तर विकायचं काय?

पुढे कोडॅकने डिजिटल कॅमेरे काढले, काही काळ ते चांगले खपलेही. पण फिल्मएवढा नफा त्यात नव्हता, आणि पाठोपाठ मोबाईलमध्येच कॅमेरा आला. १९ जानेवारी २०१२ रोजी कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. २०१३ मध्ये ती त्यातून बाहेर आली, पण खूपच लहान होऊन. रोचेस्टरमध्ये एकेकाळी ६० हजारांच्या आसपास लोक तिथे कामाला होते. त्यांतल्या बहुतेक नोकऱ्या गेल्या.

विचार करा, कंपनीत हुशार माणसं नव्हती का? होती की! नवा शोध तर घरातच लागला होता. पण ईस्टमनने स्वतःच्या चालत्या प्लेट्स मागे टाकून फिल्म धरली, तसं धाडस पुढच्यांना वेळेवर झालं नाही. जमलेली गोष्ट सोडणं, न जमलेली शिकण्यापेक्षा अवघड असतं.

हे आपल्यालाही लागू आहे बरं का. वर्षानुवर्षं तोंडपाठ झालेला एखादा धडा नव्याने शिकवायची वेळ आली की आपणही कचरतोच. उद्या वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना एकच विचारा : १९७५ मध्ये तुम्ही साहेबांच्या खुर्चीत असता, तर काय केलं असतं? घाईने उत्तर देऊ नका. मुलांना वाद घालू द्या.